घट बसल्यावर गाडी

२४ ऑगस्ट, रविवार

झाल्या एकदाच्या सह्या! किती ते कागद. फायनान्सचा पोरगा बोटानं फुल्या दाखवत होता आणि मी फुलीवर सही करत होते. वाचलं काहीच नाही. दिवसभर लोकांना तिकिटं देणारी बाई मी, मागचे नियम कोण वाचतं ते मला चांगलं माहीत आहे. शेवटच्या सहीला तो म्हणाला, मॅडम, आता मागं फिरायचं नाही बरं का. गमतीनं म्हणाला. मीही हसले.

आबा शोरूमच्या आत आलेच नाहीत. फरशी इतकी चकचकीत, त्यांना वाटलं पाय उमटतील. बाहेर पायरीवर घोंगडी टाकून बसले. सेल्सवाला ऋषिराज — जिभेवर साखर, पण पोरगा बरा आहे — त्यांना तिथं चहा देऊन आला. मला तो गाणी कशी लागतात, कॅमेरा कुठं आहे, सगळं दाखवत होता. मी म्हटलं, आधी पुढची सीट मागं पाडून दाखव. पाडली. मी त्यावर आडवी झाले. आबा मावतील. मग म्हटलं, हीच.

घरी यायला एसटीच. हिंदुराव चालवत होते. माझ्या बहुतेक फेऱ्यांना ड्रायव्हर तेच असतात. म्हणाले, आता कंडक्टर डेपोत स्वतःच्या गाडीनं येणार, आम्ही सलाम ठोकायचा. म्हटलं, ठोका!


२६ ऑगस्ट, मंगळवार

आज बारामती. मंगळवार आणि शुक्रवार. आबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून हे दोन वार आमच्या घरात उपासासारखे पाळले जातात. सकाळच्या गाडीनं ते जातात, दुपारपर्यंत मशीनला, आणि येताना माझी फेरी. डेपोत साहेबांच्या हातापाया पडून या दोन दिवशी मी बारामती-इंदापूरच मागून घेते. ड्रायव्हरच्या मागची सीट आबांची. शेळगाव फाट्यावर उतरवायचं, तिथून म्हस्कू तात्या मोटरसायकलवरून घरी सोडतात. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. अजून मेंढरं राखतात.

जाताना आबा ठीक असतात. येताना बापाकडं बघवत नाही. बीपी पडतं, पायात गोळे येतात, पोटात ढवळतं. सीट ताठ, रस्ता असा. खांबाला डोकं लावून डोळे मिटून बसतात आणि मी मागं पोरांशी सुट्ट्या पैशांवरून भांडत असते. दर दोन मिनिटांनी वळून बघते. जन्मभर मेंढरं घेऊन कोकणात पायी जाऊन पायी आलेला माणूस, आणि आता तीसेक किलोमीटर बसून जायला जमत नाही त्याला.

म्हणून गाडी. मला कशाला लागते? माझ्याकडे अख्खी लालपरी आहे.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीची गर्दी. सकाळची गाडी भरून आली आणि फाट्यावर थांबलीच नाही. आमच्याच डेपोची! आबा दोन तास उभे राहून घरी परत आले. खाडा पडला.


३१ ऑगस्ट

पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा राहतो. "धुणं चुकलं की आसं हुतंय," म्हणतात. मशीनला ते धुणं म्हणतात.


२ सप्टेंबर, मंगळवार

सार्थक गौरी-गणपतीला आलाय, त्याला रजा होती म्हणून तोही बारामतीला आला. माझा धाकटा भाऊ. चाकणला असतो. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. खाडा का केला म्हणून आधी झाडलं. मग शांतपणे सांगितलं. दोन्ही किडन्या संपल्यात. हे मशीन आहे तोवर माणूस आहे. बंद केलं तर आठवडा, फार तर दोन-तीन आठवडे. त्यापुढचं मी सांगू शकत नाही, म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण कुणी तोंडावर सांगितलं की वेगळंच असतं. मी खुर्चीचा हात धरून बसले.

बाहेर आल्यावर सार्थक म्हणाला, आबांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही, धसका घेतील. आमच्यात पेशंटला कुणी सांगतच नाही. आईलाही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. आबांनी विचारलं, डॉक्टरीण काय म्हणाली? सार्थक म्हणाला, खाडा करू नका, सूज येते.

"मंग आली की सूज," आबा म्हणाले. "आन आज धुतल्यावर उतरंल."

संध्याकाळी खरंच उतरली.


६ सप्टेंबर, शनिवार

ऋषिराजचा फोन. गाडी आली! यार्डात उभी आहे. पण मुहूर्ताचं कसं करायचं मॅडम? उद्या ग्रहण, परवापासून पितरं. आज संध्याकाळपर्यंत येता का? विसर्जनाची जादा ड्युटी लागलेली, कशी जाणार? मी म्हटलं, सोमवारी येते. तो म्हणाला, पितरात कुणी नेत नाही मॅडम, आमचं शोरूम ते पंधरा दिवस ओस असतं.

आबांना विचारलं. त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "पितरात चाक दारात आणायचं न्हाय. घट बसल्यावर आण. तवर पळून जाती व्हय?"

मीही हट्ट धरला नाही. पितरात आमच्याकडे नवी केरसुणीसुद्धा कुणी घेत नाही. दोन आठवड्यांचा तर प्रश्न. ऋषिराजला सांगितलं, घटस्थापनेची सकाळ धर.


९ सप्टेंबर, मंगळवार

लिहावं की नाही.

दुपारची फेरी, गाडी गच्च. कॉलेजची पोरं, बाजारची माणसं, उभं राहायला जागा नाही. आबा आज मशीनवरूनच वाईट उतरले होते. बारामती सुटल्यावर त्यांना उलटी झाली. मी पिशवी दिलेली असते, पण ती हातातून पडली. आणि मग धोतरातही झालं. वास सुटला. पोरं नाकाला रुमाल लावून मागं सरकायला लागली. शेजारी एक बाई होती, मांडीवर लेकरू. ती ओरडली, "ओ कंडक्टर, असल्या पेशंटला कशाला घेता गाडीत?" तिचंही काय चुकलं? तिच्या साडीवर उडालं होतं.

मी गर्दीतून पुढं येत होते. तेवढ्यात आबा खांब धरून उभे राहिले. माझ्याकडं बघितलं, आणि परक्या माणसाला बोलावं तसं म्हणाले,

"कंडक्टरबाई, बेल मारा. मला हितंच उतरायचंय."

सणसरच्या अलीकडं, रानात! माझ्या लक्षात यायला एक क्षण गेला. त्यांना माझी लाज वाचवायची होती. मी त्यांची मुलगी आहे हे गाडीत कुणाला कळू नये म्हणून मला बाई म्हणाले.

मी बेल मारली नाही. म्हटलं, ते उतरणार नाहीत, माझे वडील आहेत. मोठ्यानं म्हटलं. त्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही — घ्यायला हवी होती. माझ्या ओढणीनं पुसलं जेवढं पुसता आलं तेवढं. आबा फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरतानाही माझ्याकडं बघितलं नाही.

डेपोत हिंदुरावांनी माझ्याबरोबर गाडी धुतली. त्यांचे उपकार आहेत.


१० सप्टेंबर

उठले तर धोतर दांडीवर वाळत होतं. मला न उठवता स्वतः धुतलं. त्या हातानं, ज्या हातात सुया टोचतात.

जेवताना म्हणाले, आता बारामतीला जायचं नाही. मी म्हटलं, जीप सांगते, शेजारच्या गावात भाड्यानं मिळते. "लोकांच्या गाडीत घाण करायची व्हय? नगं." मग कसं करायचं आबा? "घट बसू दे. मग बघू."

राग आला मला. काय बघू?


१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेले नाहीत. मी रजा टाकून घरी थांबले, हात जोडले, काही उपयोग नाही. हॉस्पिटलमधून फोन — आबाजी का आले नाहीत? मी खोटं बोलले. ताप आहे म्हटलं.

मग मी ठरवलं. खड्ड्यात गेली पितरं! आबांना सांगितलं, मी उद्याच गाडी आणते, उद्याच जायचं. आबा असे भडकले की मी दोन पावलं मागं सरकले. मी नवऱ्याचं घर सोडून आले, गावानं नको ते बोललं, तेव्हासुद्धा माझ्यावर आवाज चढवला नव्हता या माणसानं.

"पितरात चाक दारात आलं तर मी चढायचा न्हाय तिच्यात. तुझ्या आयची नवमी तोंडावर आलीया आन तू नवी गाडी मिरवती? मी काय मरतोय का आज?"




१३ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर फेऱ्या करताना डोक्यात तेच. कुणाला किती सुटे दिले, शुद्ध नव्हती.

आबांना कळत नसेल? आम्ही सांगितलं नाही म्हणून त्यांना कळलं नाही, असं आम्हीच समजून बसलोय. मेंढराच्या डोळ्यात बघून हे जगंल, हे जायचं, असं सांगणारा माणूस. त्याला स्वतःच्या अंगातलं कळणार नाही? आणि तरी म्हणतात, घट बसल्यावर बघू. नऊ दिवस अजून. म्हणजे त्यांनी ठरवलंय. सरळ बोलायचं नाही, पोरीला दुखवायचं नाही, म्हणून घटाचं नाव पुढं करायचं. त्यांचा स्वभावच तो. आई गेली तेव्हाही एक शब्द न बोलता मेंढरं विकून आले होते.

तात्यांना सगळं सांगितलं. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "त्यानं मनात आनलं की ब्रह्मदेव हलवू शकत न्हाय. जाऊ दे पोरी. किती टोचून घ्यायचं त्यानं?"

सार्थकला फोन केला. त्यांची इच्छा असेल तर आपण कोण, म्हणाला. फार पटकन म्हणाला.


१४ सप्टेंबर

आज विचारलंच. ते अंगणात बसले होते, मी धान्य निवडत होते. म्हटलं, आबा, मशीनला नाही गेलं तर काय होतं, माहीत आहे ना तुम्हाला?

"म्हाईत हाय की. ल्हान हाय का मी?"

भीती नाही वाटत?

"कशाची?" म्हणाले. आणि हसले.

मी सूप घेऊन आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. एवढं धैर्य मला असतं तर! म्हटलं, आता मीच लहान होऊन चालणार नाही. ते शांत आहेत तर मीही शांत राहायचं.


१५ सप्टेंबर, सोमवार

आईची नवमी. खीर, वडे, कढी, अळूची भाजी. आबांनी स्वतः घास ठेवला. कावळा लगेच आला. आबांना बरं वाटलं, म्हणाले, सारजाला कधी वाट बघायला लावायची सवयच नव्हती. त्यांना डॉक्टरांनी खीर-बीर सगळं बंद केलंय. मी वाटी भरून दिली. आता कशाला तोडायचं?


१६ सप्टेंबर, मंगळवार

तिसरा खाडा. — नाही, खाडा कसला. आता संपलंच ते.

आज पोटभर पाणी दिलं. आजपर्यंत पेल्यानं मोजून द्यायचे, त्यावरून रोज तंटा. तांब्या समोर ठेवला. "आज मोजंना व्हय?" म्हणाले. म्हटलं, प्या. गटागटा प्यायले, मिशा पुसल्या, आणखी मागितलं. लहान मुलासारखा आनंद. त्यांना पाणी पिताना बघून मला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की काय सांगू.


१७ सप्टेंबर

आबा आवराआवर करताहेत. तात्यांना बोलावून लोकर कातरायची जुनी कातर देऊन टाकली. माझ्याकडून घोंगडी धुऊन घेतली. तात्यांच्या पोराकडून फाटकाजवळचे दगड काढून घेतले, बाभळीची खाली आलेली फांदी तोडायला लावली, म्हणाले वाट मोकळी झाली पाहिजे. स्वतः बाजेवर बसून, धापा टाकत, हातानं दाखवत होते — अजून, अजून थोडं हिकडं.

माणसं येतील म्हणून. तेवढी जागा लागेल म्हणून. स्वतःच्या मौतीची तयारी स्वतः करतोय हा माणूस आणि मी चहा ठेवतेय.


१८ सप्टेंबर, गुरुवार

ऋषिराजचा फोन. मॅडम, सोमवार नक्की ना? घटाला खूप गाड्या आहेत, सकाळची वेळ तुमच्यासाठी ठेवलीय. हार-बिर आमच्याकडून. मी म्हटलं, सांगते.

फोन ठेवला आणि डोळ्यासमोर आलं. दारात आबांचं सुतक आणि अंगणात हार घातलेली नवी गाडी. तिची पुढची सीट. मी ती रोज बघायची? मला कुठं जायचंय तिच्यातून?

उद्या जाते.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

रद्द केली.

सोपं नव्हतं. शोरूम खरंच ओस होतं, पंख्याखाली चार पोरं मोबाइल बघत बसलेली. ऋषिराजला वाटलं मी गाडी बघायला आले, उत्साहानं उठला. सांगितल्यावर त्याचं तोंडच उतरलं. पितरात लोक थांबतात मॅडम, रद्द कुणी करत नाही. फायनान्सच्या पोराला बोलावलं. त्यानं तोच गठ्ठा काढला, माझ्या त्याच सह्या. करार झालाय, कर्ज मंजूर होऊन पैसे शोरूमकडं आलेत, आता गाडी घ्या नाहीतर नका घेऊ, हप्ता पाच तारखेला लागणार. मी म्हटलं, पैसे त्यांच्याकडं, गाडी त्यांच्याकडं, हप्ता माझ्याकडं, हे कुठलं गणित? तो म्हणाला, सही केलीय तुम्ही.

मग मी कंडक्टर झाले. खुर्ची ओढली, खाकी शर्टाची बाही वर केली आणि सांगितलं, माझी ड्युटी दुपारी आहे, तोवर बसते, लेखी द्या की रद्द होत नाही. मॅनेजर आला. कारण विचारलं, अर्जावर काहीतरी लिहावं लागतं. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी घेतली त्यांना नको आहे.

शेवटी कुणीतरी आठवण केली, कोऱ्हाळे बुद्रुकची एक पार्टी याच मॉडेलसाठी घटाला अडून बसलीय. मग बघा कसं सगळं जमायला लागलं! मघाशी जे होतच नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. पैसे परत, कर्ज बंद, मधल्या दिवसांचं व्याज आणि बुकिंगची कपात माझ्या गळ्यात. म्हटलं कापा. परत तेवढ्याच फुल्या, तेवढ्याच सह्या. या वेळी मी वाचून केल्या.

निघताना ऋषिराज म्हणाला, एकदा बघून तर जा. नको म्हणत होते, पण पाय गेले यार्डात. सीटवर अजून प्लास्टिक. काचेला चिकटवलेल्या कागदावर माझं नाव होतं, ते तो नखानं खरवडून काढायला लागला. मी दार उघडून पुढची सीट पाडली. उगाच. सरळ केली. परत पाडली.

"आबा बरे हायत न्हवं?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच घरच्यासारखा बोलला. मी मान हलवली — हो की नाही, मलाच माहीत नाही.

आबांना सांगितलं नाही. आता त्यांना असलं सांगून काय करायचं?


२० सप्टेंबर

सूज मांडीपर्यंत चढलीय. चेहराही सुजला. झोपून असतात. दोन घास खाल्ले, ओकले. मध्येच विचारतात, आज वार कोणता. सांगितलं की परत डोळे मिटतात.


२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

सार्थक रात्रीपर्यंत येतो म्हणालाय. तात्या दोनदा येऊन गेले. गावात कळलंय, माणसं फाटकापर्यंत येऊन विचारून जातात. मला म्हणतात, तू फार धीराची. तात्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, बापाचं मन असं राखणारी लेक बघितली नाही.

मी त्यांचे पाय चेपत बसले. किती जड झालेत! या पायांच्या मागून मी लहानपणी पळायचे, तरी मागं पडायचे. आज आबा थोडे बोलले. कोकणात उतरायच्या वाटेवर कुठं पाणी गोड, कुठल्या गावात मेंढरं बसवायला रान देतात, कुठं कुत्री वाईट. श्वास पुरत नाही, तीन शब्द झाले की थांबतात. मी म्हटलं, पडा आता. तर म्हणाले, एक दीस ऱ्हायला.

एक दिवस! त्यांना तेही कळलंय. मी काय करू? मला धीर-बिर काही नाही. मला माझा बाप हवाय. पाहिजे तर वाटेल तेवढा ओरडू दे माझ्यावर, पण हवाय. हे मी कुणाला सांगणार?


२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पहाटे फुलं तोडत होते. आतून हाक आली. जाऊन बघते तर आबा उठून भिंतीला टेकून बसलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलतेय, ओठ काळे. आणि डोक्याला पटका. सार्थकला उठवून बांधून घेतला म्हणे.

"आज घट बसलं न्हवं? मंग गाडी आज येती. उद्या मंगळवार... आपल्या गाडीतनं जातो धुवायला. लय दीस चुकलं... मशीनवाल्याला म्हणावं, ह्या टायमाला जरा जास्त येळ ठेव."

मी विचारलं, आबा, तुम्हाला जायचंय?

ते माझ्याकडं बघायला लागले. "मंग? न जाऊन कसं चालंल? मला काय मरायचंय व्हय?"

१०८ ला अॅम्ब्युलन्ससाठी फोन केला. सार्थक फाट्यावर पळालाय वाट दाखवायला. मी आबांच्या पाठीला उशा लावून जवळ बसलेय. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागू नये म्हणून वहीत लिहितेय. मी फोनवर बोलले ते त्यांनी ऐकलं.

"निघाली का गं गाडी?"

निघाली, म्हटलं.

"रंग कोंचा घेतलास?"

मी म्हटलं, पांढरा.